मास्तरांचा सोलो

कात्रीचा फोन आला, की शहरातले जुने वादक आधी स्वतःची नाडी बघायचे आणि मग बोलायला लागायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. रेडिओ स्टेशनवर कात्रीचा जो कार्यक्रम होता तो फक्त गेलेल्यांचा. जॅझ वाजवणारा कुणीही वारला, मग तो शेजारच्या गल्लीतला असो की सातासमुद्रापलीकडचा, त्या शनिवारी दुपारच्या बातम्या संपल्या की कात्री त्याची रेकॉर्डिंग लावायचा, मधेमधे त्याच्याविषयी चार शब्द बोलायचा आणि शेवटचा सूर विरला की क्षणभर गप्प राहून "नमस्कार" म्हणायचा. ड्रम वाजवणाऱ्या लंबूने तर त्याला एकदा तोंडावर विचारलं होतं, "माझ्याबद्दल काय काय चांगलं बोलणार आहेस ते आत्ताच बोल की. नंतर मला ऐकायला कुठे मिळणार?" सगळे हसले, कात्रीही हसला. लंबू पुढच्याच वर्षी गेला, आणि कात्रीने त्याच्यावर फार सुंदर कार्यक्रम केला.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," असं कात्रीची बायको म्हणायची. तिचं म्हणणं असं, की हीच माणसं जिवंतपणी हॉटेलांमध्ये काट्याचमच्यांच्या खणखणाटात वाजवत होती, तेव्हा तुमच्या स्टेशनला त्यांची आठवण झाली नाही. कात्री म्हणायचा, मी काय करू, मला अर्धा तास दिलाय तो गेलेल्यांसाठी दिलाय. बायको म्हणायची, बरोबर आहे, गेलेला माणूस तक्रार करत नाही.

कात्री हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. टेपचा जमाना होता तेव्हा तो स्टेशनात ध्वनिमुद्रण करायचा, आणि टेप कापून जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खरं तर टेप कात्रीने कापत नाहीत, ब्लेडने कापतात. पण 'ब्लेड' हे नाव हिशेब विभागातल्या एका गृहस्थांना आधीच बहाल झालेलं होतं, कारण ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याचं रक्त आटायचं. मग याच्या वाट्याला कात्री आली. कुणाचा ठसका, खुर्चीची करकर, वाजवण्याआधी कुणी काही बोललं असेल तर तेही, सगळं तो इतक्या सफाईने काढून टाकायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं या लोकांना घसेही नव्हते आणि पायही नव्हते, नुसती वाद्यं होती. कात्रीची टेप म्हणजे धुतल्या तांदळासारखी, असं स्टेशनात म्हणत. टेपचा जमाना गेला, कात्री निवृत्त झाला, तरी कार्यक्रम त्याच्याकडेच राहिला, कारण एवढ्या मेलेल्या माणसांची ओळख दुसऱ्या कुणाला नव्हती.

तर अशा या कात्रीला एका बुधवारी सकाळी एका जुन्या पियानोवाल्याचा फोन आला. "अरे, आपला बदली वारला. पहाटे, झोपेतच."

एरवी अशी बातमी आली, की कात्रीचा हात आपोआप टेपच्या कपाटाच्या किल्लीकडे जायचा. या वेळी गेला नाही. आधी भीती वाटली, मग भीती वाटली याची लाज वाटली, आणि दुःख बिचारं या दोघांच्या मागे रांगेत उभं राहिलं.

बदली ट्रम्पेट वाजवायचा. पण कुणाच्या बँडमधला असा तो कधीच नव्हता. कुणाला ताप आला, कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी मालकाशी भांडून निघून गेला, की निरोप जायचा, बदलीला बोलवा. दिवसा तो थोरल्या बहिणीच्या लाँड्रीत इस्त्री करायचा. वाफेच्या इस्त्रीने छाती मोकळी राहते, असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. निरोप आला, की हातातला शर्ट पुरा करून, घडी घालून, मग ट्रम्पेटची पेटी उचलायचा. ज्याच्या जागी जायचा अगदी त्याच्यासारखं वाजवायचा, कारण हॉटेलच्या मालकाला माणूस बदललाय हे कळता कामा नये. त्यामुळे बदली चांगला वाजवतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण बदली स्वतःचं म्हणून कसं वाजवतो हे कुणालाच माहीत नव्हतं. कात्रीला माहीत होतं, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

ते दुखणं असं. शहरात ट्रम्पेट म्हटलं की मास्तर. सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या बँडचे ते प्रमुख, दिसायला रुबाबदार, बोलायला थोडके. एकदा, खूप वर्षांपूर्वी, स्टेशनाने मास्तरांच्या बँडला रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओत बोलावलं. त्या आठवड्यात नेमका मास्तरांचा ओठ फाटला होता. ट्रम्पेटवाल्याचा ओठ फाटला, की संपलं. सगळ्यांबरोबर चाल वाजवण्यापुरता तो कसाबसा चालत होता, पण एकट्याने वाजवण्याइतका नाही. आणि जॅझमध्ये खरी गोष्ट ते एकट्याने वाजवणंच. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण पुढे येतो आणि त्या चालीवर आपल्या मनातलं, त्या घडीला सुचेल ते वाजवतो. त्याला सोलो म्हणतात. ज्याचा सोलो त्याचाच, कारण तो पुन्हा तसाच त्यालाही वाजवता येत नाही.

मास्तरांनी म्हणून बदलीला बरोबर आणलं होतं. टेप फिरायला लागली. लाल दिवा लागला. आणि चाल सुरू करायच्या आधी मास्तर माईकसमोरच बोलले, "ओठ फाटलाय माझा. सोलो हा घेईल. कात्री, माईक त्याच्याकडे वळव. आणि ऐका रे, नीट ऐका याला." कात्रीने आत जाऊन माईक वळवला. मास्तर खुर्चीवर बसले. बदली उभा राहिला, लाँड्रीतल्या वाफेने लाल झालेले हात त्याने पॅंटला पुसले, आणि वाजवायला लागला.

त्या दिवशी तो कुणासारखंच वाजवत नव्हता. काचेपलीकडे बसलेल्या कात्रीला पहिल्या ओळीतच कळलं, की इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे कपडे घालून हिंडत होता आणि आज स्वतःच्या कपड्यांत आहे. सोलो संपला तेव्हा मास्तरांनी खाली बघत एकदा मान हलवली. बस्स. मग सगळे चहा प्यायले आणि बदली लाँड्रीत परत गेला, कारण संध्याकाळी न्यायचे कपडे राहिले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मास्तर वारले. त्या दिवशी स्टुडिओत वाजवणारे बाकीचे तोवर एकेक करून कात्रीच्या कार्यक्रमातून होऊन गेलेले होते. शुक्रवारी वारले, आणि कार्यक्रम शनिवारी. कपाटात मास्तरांचं जे होतं ते सगळं हॉटेलातलं, खरखरीत, त्यांच्या सुरांवर लोकांच्या गप्पा चढलेल्या. स्वच्छ अशी ती एकच टेप. कात्रीने ती लावली, मास्तरांचा आवाज ऐकला, सोलो ऐकला. सगळं शहर ऐकणार होतं. मास्तरांची बायको ऐकणार होती. त्या माणसाच्या शेवटच्या कार्यक्रमात 'यांचा ओठ फाटला होता, म्हणून दुसऱ्याने वाजवलं' असं सांगायचं? कात्रीच्या मनाने युक्तिवाद लढवला, की बँड मास्तरांचा, चाल मास्तरांची, माणूसही मास्तरांनीच आणलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूळ टेपला कधी ब्लेड लावायचं नाही, आधी नक्कल काढायची आणि ती कापायची, हा नियम त्यानेच स्टेशनात घालून दिला होता. नक्कल काढायचं यंत्र त्या दिवशी बातम्यांकडे होतं. त्याने मूळ टेपलाच ब्लेड लावलं. मास्तरांची ती चार वाक्यं चार-पाच हात टेपवर होती. कापलेले तुकडे तो एरवी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवून ठेवायचा, न जाणो पुन्हा लागले तर. हा तुकडा त्याने टोपलीत टाकला. संध्याकाळी टोपली रिकामी झाली, आणि ती रिकामी होताना तो शेजारी उभा राहून हात पुसत होता.

दुसऱ्या दिवशी माईकसमोर तो म्हणाला, "ऐका. हे मास्तर." आणि बदलीचा सोलो लावला.

कार्यक्रम संपताच मास्तरांच्या बायकोचा फोन आला. तिला तो वहिनी म्हणायचा. वहिनी रडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हॉटेलात हे काय वाजवायचे ते मला कधी नीट ऐकूच आलं नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकलं. एवढं होतं हो यांच्या मनात?" कात्री म्हणाला, "होतं, वहिनी." आणि तिथे तो जो अडकला तो अडकलाच. खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज खाऊ घालावं लागतं. वहिनींनी मागितली म्हणून त्याने त्याची कॅसेट करून दिली. त्या ती रोज सकाळी लावायला लागल्या. मग 'मास्तरांचा सोलो' म्हणून ते वाजवणं प्रसिद्ध झालं. संगीत शाळेत तो सोलो सूर न् सूर लिहून काढून शिकवायला लागले. दर वर्षी मास्तरांच्या स्मृतिदिनाला कुणीतरी तो वाजवायचा, आणि कात्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा.

एका वर्षी वाजवणारा आजारी पडला, आणि अर्थातच बदलीला निरोप गेला. बदली आला. त्याने तो सोलो वाजवला, पण आपलाच असल्यामुळे असेल, मधे त्याला दुसरं काही सुचलं आणि तो तिकडे गेला. कार्यक्रम झाल्यावर संगीत शाळेतले एक सर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "छान वाजवलंत, पण तिसऱ्या ओळीत मास्तर खाली उतरतात. तुम्ही वर गेलात. मास्तर असं करत नसत." कात्री तिथेच पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होता. बदली म्हणाला, "असं का? पुढच्या वेळी लक्षात ठेवतो." मग कात्रीकडे वळून, ट्रम्पेट पेटीत ठेवता ठेवता म्हणाला, "टेप फार छान साफ केलीत तुम्ही." एवढंच. त्यानंतर तो या विषयावर कधी बोलला नाही, आणि कात्रीने तो दिसला की रस्ता बदलायला सुरुवात केली. लाँड्रीत कपडे टाकायचे तर बायकोला पाठवायचा.

आणि आता बदलीच गेला होता.

गुरुवारी कात्री लाँड्रीत भेटायला गेला. ताई, म्हणजे बदलीची बहीण, इस्त्री करत होत्या. "लोकांचे कपडे अडून राहतात," त्या म्हणाल्या, जणू काही शोकाच्या दिवसात काम केल्याबद्दल कात्री त्यांना जाब विचारणार होता. मागच्या भिंतीवर रेडिओ होता, आणि खिळ्याला ट्रम्पेटची पेटी लटकवलेली होती. कात्रीने पेटीकडे पाठ होईल अशा बेताने स्टूल सरकवलं.

"शनिवारी त्याचं लावाल ना?" ताईंनी विचारलं.

"लावणार ना."

"नाही, म्हणजे तुम्ही मोठमोठ्यांचं लावता. हा आपला याच्या-त्याच्या जागी जाणारा." त्यांनी बाही उलटली. "पण तो मला म्हणायचा, ताई, स्टेशनात माझं एक चांगलं आहे. मी विचारायची, कुठलं रे? तर म्हणायचा, लागतं अधूनमधून. आता मी इतकी वर्षं रेडिओ लावून इस्त्री करते. कधी लागून गेलं ते मला कळलंच नाही. मलाच मेलीला कान नाही."

कात्री म्हणाला, "तुमच्या कानाचा दोष नाही, ताई." पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोट घ्यायला आलं, आणि कात्रीला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्यानेच तो बाहेर रस्त्यावर आल्यावर स्वतःवर चिडला.

तिथून तो सरळ स्टेशनात गेला आणि कपाट उपसलं. बदलीचं दुसरं काहीच नव्हतं. एका हॉटेलातल्या टेपवर तो मागच्या रांगेत होता, पाच जणांबरोबर चाल वाजवत. लक्ष देऊन ऐकलं तर त्याचा ट्रम्पेट ओळखू यायचा, म्हणजे कात्रीला यायचा. ही लावली तर खोटंही बोलायला लागणार नाही आणि वहिनींचंही काही जाणार नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. कात्रीला हा तोडगा इतका पटला, की घरी जाऊन त्याने तो बायकोला सांगितला. बायकोला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं एका उशीवर डोकं ठेवणाऱ्या माणसापासून काय लपतं?

"लावा की," बायको म्हणाली. "इतकी वर्षं मागच्याच रांगेत तर उभा केलात त्याला."

कात्री जेवला नाही. बायकोनेही आग्रह केला नाही.

शुक्रवारी दुपारी तो वहिनींकडे गेला. मास्तर जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दारावर पाटी त्यांचीच होती. खिडकीशी वहिनींची खुर्ची, खुर्चीला लागून छोटं टेबल, टेबलावर कॅसेट वाजवायचं जुनं यंत्र. त्याच्या एका बटणावरची खूण बोटाने घासून घासून गेली होती. वहिनींनी चहा केला. बदली गेल्याचं त्यांना कळलं होतं. "गरीब माणूस," त्या म्हणाल्या. "दर वर्षी यांच्या स्मृतिदिनाला यायचा, मागे बसायचा."

कात्रीने चहाचा कप खाली ठेवला. ठरवून आणलेलं सगळं प्रास्ताविक तो विसरून गेला. "वहिनी, तो सोलो मास्तरांचा नाही. बदलीचा आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वहिनींनी आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ओठ." आणि थोड्या वेळाने, "त्या आठवड्यात ओठ फाटला होता यांचा. मीच साय लावून देत होते. स्टेशनात जायचं म्हणून सारखे आरशात बघत होते." त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "तरीच. घरी कधी असं वाजवलं नाही यांनी. म्हणजे मी इतकी वर्षं परक्या माणसाच्या फुंकीवर सकाळचा चहा पीत होते."

त्या हसल्या का काय ते कात्रीला कळेना. त्याने मान खाली घातली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग हे तेव्हा काय करत होते?"

"शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होते. शेवटी मान हलवली."

"आणि बोलले नाहीत काही?"

"बोलले. आधी बोलले. म्हणाले, ओठ फाटलाय माझा, सोलो हा घेईल. मला म्हणाले, कात्री, माईक त्याच्याकडे वळव. आणि म्हणाले, ऐका रे, नीट ऐका याला."

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे ते टेपवर आहे?"

कात्रीला वाटलं होतं, अवघड भाग संपला. त्याने मनात तयारी केली होती ती सोलोची. हा प्रश्न त्याच्या हिशेबातच नव्हता. "होतं," तो म्हणाला.

"होतं म्हणजे?"

"मी कापलं, वहिनी. कार्यक्रमासाठी. ते राहिलं असतं तर सोलो बदलीचा आहे हे कळलं असतं."

"आणि तो तुकडा?"

"टाकून दिला."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. वहिनींचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. "माझ्याकडे यांच्या वाजवण्याच्या सात-आठ कॅसेट आहेत," त्या म्हणाल्या. "बोलण्याची एकही नाही. आमच्या वेळी कोण कशाला बोलणं टेप करतंय? मला यांचा आवाज आता आठवत नाही, भाऊजी. मला हाक कशी मारायचे ते आठवत नाही. शब्द आठवतो, आवाज येत नाही. आणि तुमच्याकडे तो होता."

कात्रीने यंत्राच्या त्या घासलेल्या बटणाकडे पाहिलं.

"वाजवणं दुसऱ्याचं चालून गेलं मला," वहिनी म्हणाल्या. "आवाज दुसऱ्याचा चालला नसता."

इतकी वर्षं कात्री समजत होता, की आपण बदलीचं घेतलं आणि मास्तरांना दिलं. म्हणजे एकाचं वाईट केलं, पण एकाचं भलं केलं, असा काहीतरी हिशेब तो मनात मांडून होता. आता त्याला दिसलं, की मास्तरांचं तर त्याने त्याहून मोठं नेलं होतं. मास्तरांनी त्या दिवशी फाटलेल्या ओठाने, सगळ्यांदेखत, आपली जागा दुसऱ्याला दिली होती. तेवढं चांगलं काही त्यांनी ट्रम्पेटवर वाजवलं असेल-नसेल. आणि तेच त्याने ठसका काढावा तसं काढून टाकलं होतं.

"पुन्हा म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"ते जसं बोलले तसं."

कात्रीने ती वाक्यं पुन्हा म्हटली. बातम्या वाचल्यासारखी आली. वहिनींनी डोळे मिटले होते. त्या म्हणाल्या, "पुन्हा." त्याने पुन्हा म्हटली. मग वहिनी उठल्या, कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाल्या, "उद्या सगळं सांगा. त्या लाँड्रीवाल्या ताईंचा भाऊ आहे तो." दाराशी पोचवायला आल्या तेव्हा कात्रीने कॅसेटविषयी चाचरत काहीतरी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ती राहू द्या. चांगलं वाजवलंय त्याने."

शनिवारी बातम्या संपल्या. कात्रीने माईक जवळ ओढला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची बोलणी स्वच्छ केली होती, आणि आज त्याचं स्वतःचं बोलणं अडखळत होतं, घसा दोनदा खाकरला, आणि ते कापायला कुणी नव्हतं. त्याने बदलीबद्दल सांगितलं, लाँड्रीबद्दल सांगितलं. मग म्हणाला, की ज्याला तुम्ही मास्तरांचा सोलो म्हणता तो यांचा आहे, मास्तरांनी तसं सांगितलं होतं, आणि ते सांगणं मी कापून टाकलं. मास्तरांची ती चार वाक्यं त्याने म्हटली. मग तो म्हणाला, "ऐका." पुढे काही जोडलं नाही, आणि सोलो लावला.

सोलो चालू असताना त्याने काचेपलीकडे पाहिलं नाही. त्याला तिसरी ओळ खाली उतरताना ऐकू आली. बदलीला पुढे कधीतरी तिथून वर जावंसं वाटलं होतं, आणि तो गेला होता, आणि त्याला चूक म्हटलं गेलं होतं. कात्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बदलीसाठी होतं असं म्हणायला त्याची जीभ धजावली नसती.

कार्यक्रम संपल्यावर पहिला फोन ताईंचा आला. मागे वाफेचा आवाज येत होता. "एक गिऱ्हाईक शर्ट मागत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हटलं, जरा थांबा, माझा भाऊ वाजवतोय." मग म्हणाल्या, "हे मी कितीदा तरी ऐकलंय हो. याच्यावर चादरींच्या घड्या घातल्यात मी. मला ओळखू आलं नाही."

"मी ओळखू दिलं नाही, ताई."

त्यांनी इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "तो तुम्हाला कधी काही बोलला होता का?"

"एकदाच. म्हणाला, टेप फार छान साफ केलीत तुम्ही."

कात्रीला वाटलं, आता त्या म्हणतील, चांगला टोमणा मारला. बदलीचं ते वाक्य त्याने इतकी वर्षं काट्यासारखं जपलं होतं. पण ताई म्हणाल्या, "तो टोमणे मारत नसे. त्याला तसं वाटलं असेल, म्हणून म्हणाला असेल. स्वच्छ कामाची त्याला कदर होती." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कात्री रिसीव्हर हातात घेऊन तसाच बसला. टोमणा असता तर परवडला असता.

फोन पुन्हा वाजला. वहिनी होत्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, एक विचारू? ते 'ऐका रे' म्हणाले ना, ते हसून म्हणाले का? हे बँडमधल्या मंडळींशी बोलताना थोडे हसून बोलायचे. मला सकाळपासून वाटतंय, की हसून म्हणाले असतील."

कात्रीने डोळे मिटले. लाल दिवा आठवला, फिरणारी टेप आठवली, मास्तरांचे बूट आठवले. शब्द जसेच्या तसे आठवले. शब्दांमागचा आवाज आला नाही. पलीकडे वहिनी वाट बघत होत्या. 'हो' म्हटलं तर त्या रोज सकाळी हसणारे मास्तर ऐकणार होत्या, आणि त्याला फक्त एकच शब्द बोलायचा होता. मास्तर गेले तेव्हा 'होतं' म्हणतानाही त्याला फक्त एकच शब्द बोलायचा होता.

"मला आठवत नाही, वहिनी," कात्री म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.